'जर' कोणाच्या हातात?

अमेरिकेतल्या गुलामगिरीची पहिली ओळख आपल्याकडे अनेकांना वीणा गवाणकरांच्या 'एक होता कार्व्हर'मधून होते. माझीही तशीच झाली. पुढे कॉलेजात इंग्रजी साहित्य शिकवायला लागले आणि कादंबऱ्यांची एक वेगळीच शाखा हाती लागली. गुलामगिरीचा इतिहास घडला तसा न घडता वेगळ्या वाटेनं गेला असता तर, अशी कल्पना करणाऱ्या या कादंबऱ्या. पर्यायी इतिहास म्हणतात तो हा प्रकार मराठी वाचकाला परका नाही. जयंत नारळीकरांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत विश्वासरावांच्या दिशेनं आलेली गोळी तीळभर अंतरानं हुकते आणि हिंदुस्थानचं सगळं चित्र पालटतं. पण पानिपतावर जर-तर करताना आपण राज्य कोणाचं आलं असतं ते विचारतो. गुलामगिरीवर जर-तर करताना माणूस कोणाच्या मालकीचा राहिला असता, हे विचारावं लागतं. तिथे वाचणाऱ्याची जबाबदारी वाढते.

वर्गात आणि आमच्या वाचनगटात या पुस्तकांवर बोलताना, कधी कधी कडाडून भांडताना, जे पदरात पडलं ते इथे मांडते आहे.

१. बदल कोणाच्या हातून होतो, ते आधी पाहावं

१३ सप्टेंबर १८६२. गुलामगिरी टिकवण्यासाठी फुटून निघालेली दक्षिणेची राज्यं आणि राष्ट्राध्यक्ष लिंकनची उत्तर यांच्यात यादवी युद्ध चालू होतं. मेरीलँडमधल्या फ्रेडरिक गावाजवळ उत्तरेच्या सैनिकांना गवतात एक पाकीट सापडलं. आत तीन सिगार आणि त्यांना गुंडाळलेला कागद. कागद उलगडला तर दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ली याचा गुप्त हुकूम, सैन्याच्या सगळ्या हालचालींसकट. चारच दिवसांनी अँटीटमची लढाई झाली, लीला माघार घ्यावी लागली आणि लिंकननं २२ सप्टेंबरला गुलाममुक्तीची घोषणा केली. ती १ जानेवारी १८६३ पासून लागू झाली.

हॅरी टर्टलडव्हच्या 'हाउ फ्यू रिमेन' (१९९७) या कादंबरीत तो कागद पडल्यापडल्या दक्षिणेच्याच माणसांना परत मिळतो. मग दक्षिण जिंकते, वेगळं राष्ट्र होते. रचना झकास आहे, टर्टलडव्हचा अभ्यासही दांडगा. तरी वर्गात हे शिकवताना मी मुलांना एकच काम देते: इतिहासाला वळण देणाऱ्यांची यादी करा. यादीत निरोप्या येतो, सेनापती येतो, राष्ट्राध्यक्ष येतो. १८६० च्या जनगणनेत अमेरिकेत जवळपास चाळीस लाख माणसं गुलाम म्हणून नोंदली आहेत. वळण देणाऱ्यांत त्यांतलं कोणीच नसतं. त्यांच्या आयुष्याचा निकाल तीन सिगारांवर लागतो आणि ती बिचारी बाजूला उभी असतात.

याच्या शेजारी टेरी बिसनची 'फायर ऑन द माउंटन' (१९८८) ठेवून पाहा. आधी खरा इतिहास सांगते. १६ ऑक्टोबर १८५९ च्या रात्री गुलामगिरीचा कट्टर विरोधक जॉन ब्राउन यानं एकवीस साथीदारांसह हार्पर्स फेरी इथल्या सरकारी शस्त्रागारावर छापा घातला. गुलामांच्या हाती शस्त्रं देऊन डोंगरात उठाव उभा करायचा, असा त्याचा बेत होता. दोन दिवसांत तो फसला. त्याला पकडणाऱ्या सरकारी तुकडीचा प्रमुख होता हाच रॉबर्ट ली. २ डिसेंबरला ब्राउनला फाशी झाली. शेकडो मैलांच्या गुप्त वाटा पायाखाली घालून कितीतरी गुलामांना सोडवून आणणारी हॅरिएट टबमन ब्राउनच्या बेतात सामील होती, पण छाप्याच्या वेळी ती तिथे नव्हती.

बिसन एवढंच बदलतो. छापा ४ जुलैला पडतो आणि टबमन सोबत असते. उठाव डोंगरात टिकतो, पसरतो आणि दक्षिणेत कृष्णवर्णीयांचं स्वतःचं राष्ट्र उभं राहतं. शंभर वर्षांनी, १९५९ साली, एक बाई पणजोबांच्या हस्तलिखित आठवणी घेऊन हार्पर्स फेरीला निघालेली असते आणि त्याच सुमारास माणसं मंगळावर उतरत असतात. आठवणी लिहिणारा हा पणजोबा छाप्याच्या वेळी गुलाम मुलगा होता. म्हणजे या 'जर'ची साक्ष त्यानं दिली आहे. कादंबरीतल्या माणसांच्या हाती आणखी एक पुस्तक येतं. त्यात छापा फसतो, गोऱ्यांचंच राज्य राहतं. आपण खरा म्हणून शिकतो तो इतिहास त्या जगात एका वर्णद्वेष्ट्या लेखकाची कल्पना ठरतो. या पानांपाशी वर्ग दर वेळी थबकतो.

हे 'जर' मनानं रचलेलं असलं तरी निराधार नाही. ब्राउनच्या साथीदारांत पाच कृष्णवर्णीय होते. त्यांतला डेंजरफील्ड न्यूबी स्वतः मुक्त झालेला, पण बायको हॅरिएट आणि मुलं व्हर्जिनियात गुलाम. त्यांना विकत घेऊन सोडवण्यासाठी तो पैसे साठवत होता. बायकोची पत्रं येत होती: मालकाला पैशांची निकड आहे, तो मला विकून टाकेल, लवकर ये. छाप्यात ब्राउनच्या माणसांपैकी सगळ्यात आधी न्यूबी पडला. ती पत्रं त्याच्याजवळ सापडली. त्याच्या बायकोला पुढे लुइझियानात विकलं गेलं. इतिहास वेगळा घडावा म्हणून जिवावर उदार होण्याचं कारण कोणाजवळ होतं, हे त्या पत्रांतून कळतं. सिगारांच्या कागदावरून ते कळणार नाही.

२. 'आपोआप संपलीच असती' असं कोणी म्हटलं की थांबून विचारावं

यादवी युद्धात दक्षिण जिंकली असती तर, या कल्पनेवर विन्स्टन चर्चिलनं १९३१ साली लेख लिहिला. मॅकिन्ले कँटरनं १९६० साली तीच कल्पना मासिकातून मांडली. टर्टलडव्हच्या 'द गन्स ऑफ द साउथ' (१९९२) मध्ये भविष्यातून आलेले दक्षिण आफ्रिकेतले वर्णद्वेष्टे गोरे लीच्या सैन्याला एके-४७ पुरवतात. तीन लेखक, तीन काळ. पण तिघांच्याही जगात जिंकलेली दक्षिण पुढे आपणहून गुलामगिरी मोडीत काढते. चर्चिलच्या आणि टर्टलडव्हच्या जगात तर त्यासाठी पुढाकार घेतो तो लीच.

खरी कागदपत्रं काही वेगळं सांगतात. दक्षिणेच्या बंडखोर राज्यांनी जी घटना केली, तिच्यात गुलामांवरचा मालकी हक्क कमी करणारा कायदा करायला मनाई होती. त्यांचा उपराष्ट्राध्यक्ष अलेक्झांडर स्टीव्हन्स यानं मार्च १८६१ मध्ये सव्हानाच्या सभेत उघडपणे सांगितलं, की नव्या राष्ट्राचा पायाच गोऱ्यांच्या श्रेष्ठत्वावर आणि काळ्यांच्या दास्यावर उभा आहे.

आणि लीबद्दल वेस्ली नॉरिस यानं १८६६ मध्ये दिलेली जबानी वाचावी. नॉरिस लीच्या सासऱ्याच्या आर्लिंग्टनच्या मळ्यावरचा गुलाम. मृत्युपत्राप्रमाणे मळ्याचा कारभार आणि गुलामांना सोडण्याची जबाबदारी लीकडे आली होती. १८५९ मध्ये नॉरिस, त्याची बहीण आणि एक चुलत भाऊ पळाले, मेरीलँडमध्ये पकडले गेले. नॉरिस सांगतो, की लीनं पुरुषांना पन्नास आणि बहिणीला वीस फटके मारायचा हुकूम दिला, स्वतः उभा राहिला आणि नंतर त्या फाटलेल्या पाठी मिठाच्या पाण्यानं धुवायला लावल्या.

हे वाचून झाल्यावर एका विद्यार्थिनीनं विचारलं, "मॅडम, मग कादंबरीतला ली कुठून आला?" मला वाटतं, तो मालकांच्या वारसांना हवा होता म्हणून आला. आमच्या पूर्वजांनी शेवटी चांगुलपणाच दाखवला असता, हे ऐकायला गोड लागतं. पर्यायी इतिहासातली सगळ्यात धोक्याची जागा हीच आहे, कारण भविष्यातून आलेल्या बंदुका कल्पित आहेत हे लगेच कळतं, हा चांगुलपणा कल्पित आहे हे कळत नाही. तो शक्य कोटीतला वाटतो.

३. भूतकाळात गेलेला माणूस धड परत येत नाही

ऑक्टाव्हिया बटलरची 'किंड्रेड' (१९७९) काटेकोरपणे पाहिली तर पर्यायी इतिहास नाही, कारण तिच्यात इतिहास बदलत नाही. तरी मी तीच सगळ्यात आधी वाचायला देते. १९७६ साली कॅलिफोर्नियात राहणारी डेना ही कृष्णवर्णीय लेखिका अचानक एकोणिसाव्या शतकातल्या मेरीलँडच्या मळ्यावर ओढली जाते. बुडणाऱ्या एका गोऱ्या मुलाला ती वाचवते. तो रूफस. मालकाचा मुलगा आणि डेनाचा स्वतःचा पूर्वज. तो जगला, मोठा झाला, ॲलिस नावाच्या बाईवर त्यानं बळजबरी केली, तरच डेनाचा वंश जन्माला येणार. वाचक वाट पाहतो, की आता ही शिकलेली, आधुनिक बाई काहीतरी करून टाकेल. तिला जगायचं असेल तर ते घडू द्यावं लागतं. इतकंच काय, ॲलिसची समजूत घालायलाही तिलाच जावं लागतं. शेवटी ती परतते तेव्हा तिचा एक हात भिंतीत अडकून तुटलेला असतो.

आमच्या वाचनगटात एका तरुणानं तावातावानं विचारलं होतं, "एवढी माणसं होती, त्यांनी सहन का केलं?" हाच प्रश्न बटलरनं तिच्या तरुणपणी एका सहाध्यायाच्या तोंडून ऐकला होता. मागच्या पिढ्या दबून राहिल्या म्हणून आपण मागे पडलो, असं त्याचं म्हणणं. बटलरची आई लोकांच्या घरी कामाला जायची, मागच्या दारानं आत शिरायची. मुलीनं ते पाहिलं होतं आणि त्या दबून राहण्यावरच आपलं पोट भरलं, हेही तिला ठाऊक होतं. 'किंड्रेड' हे त्या प्रश्नाला तिचं उत्तर. फटका कसा बसतो, पळून जाताना पोटच्या पोराचं काय करायचं, वाचता येतं हे लपवायचं कसं, हे सगळं डेना अंगावर घेते. पुस्तक मिटल्यावर आमच्या गटातल्या त्या तरुणानं तो प्रश्न पुन्हा विचारला नाही. टबमन होण्यासाठी लागतं तसं धैर्य दिवसभर राबून रात्री मुलांना जिवंत ठेवण्यासाठीही लागतं, असं तो म्हणाला. मला त्याचं म्हणणं पटलं.

४. उलट्या जगात बारीक गोष्टी पाहाव्यात

काही लेखक जग सरळ उलटं करतात. स्टीव्हन बार्न्सच्या 'लायन्स ब्लड' (२००२) मध्ये आफ्रिकी मुसलमानांनी अमेरिका वसवली आहे आणि आयर्लंडहून गोरी माणसं गुलाम करून आणली जातात. बर्नार्डिन एव्हारिस्टोच्या 'ब्लाँड रूट्स' (२००८) मध्ये डोरिस ही इंग्रज मुलगी पळवून नेली जाते, तिचं नावसुद्धा काढून घेतलं जातं. या उलटापालटीची पहिली गंमत लवकर ओसरते. टिकतात ते बारकावे.

मॅलरी ब्लॅकमनच्या 'नॉट्स अँड क्रॉसेस' (२००१) मध्ये काळे राज्यकर्ते आहेत आणि गोरे एकेकाळचे गुलाम. एका गोऱ्या मुलीच्या कपाळावर जखमेची चिकटपट्टी असते. पट्टी गडद तपकिरी, मुलीची कातडी फिकी, त्यामुळे ती लांबूनच दिसते. त्या जगात पट्ट्या एकाच रंगात मिळतात. औषधाच्या दुकानातली 'कातडीच्या रंगाची' पट्टी कोणाच्या कातडीच्या रंगाची असते, असं मी वर्गात विचारते. मुलं आपापल्या हाताकडे पाहतात. कायदा बदलून गुलामगिरी गेली, तरी दुकानाच्या फळीवर ती किती वर्षं टिकते, हे समजावायला मला याहून चांगलं उदाहरण सापडलेलं नाही.

५. वारसा म्हणजे हिशेब

बेन विंटर्सच्या 'अंडरग्राउंड एअरलाइन्स' (२०१६) मध्ये लिंकनचा शपथविधीआधीच खून होतो, युद्ध होतच नाही आणि आजच्या काळातही चार राज्यांत गुलामगिरी कायदेशीर आहे. मोबाइल आहेत, कंपन्या आहेत, त्यांच्या कारखान्यांत गुलाम आहेत. बाकी देश स्वतःला स्वच्छ समजतो, तरी त्या चार राज्यांतला स्वस्त कपडा या ना त्या वाटेनं आत येतोच. पळालेल्या गुलामांना शोधून देणारा नायक स्वतः कृष्णवर्णीय, तोही कधीकाळी पळालेला. या पुस्तकानं मला पैशाची वाट धरून वाचायला शिकवलं.

ती वाट खऱ्या इतिहासात नेऊन पाहावी. ब्रिटननं १८३३ मध्ये आपल्या वसाहतींतली गुलामगिरी रद्द करायचा कायदा केला तेव्हा दोन कोटी पौंड भरपाई दिली. ती मालकांना. गुलामांना छदामही नाही. त्यासाठी काढलेल्या कर्जाची शेवटची फेड झाली २०१५ मध्ये. हैतीतल्या गुलामांनी लढून १८०४ मध्ये स्वातंत्र्य मिळवलं, तर १८२५ मध्ये फ्रान्सनं युद्धनौका पाठवून त्यांच्याचकडून पंधरा कोटी फ्रँक मागितले. ही रक्कम पुढे कमी केली गेली, पण त्या कर्जाखाली तो देश पिढ्यानपिढ्या वाकला.

आणि अमेरिकेत? जानेवारी १८६५ मध्ये उत्तरेच्या जनरल शर्मननं हुकूम काढला. साउथ कॅरोलायनापासून फ्लोरिडापर्यंतच्या किनारपट्टीवरची जमीन मुक्त झालेल्या कुटुंबांना द्यायची, प्रत्येकी चाळीस एकरांपर्यंत. हजारो कुटुंबांनी नांगर धरला, पेरलं. एप्रिलमध्ये लिंकनचा खून झाला आणि नवा राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यानं त्याच वर्षी ती जमीन जुन्या मालकांना परत दिली. पेरलेलं शेत सोडून लोक पुन्हा त्याच मालकांकडे मजुरीला लागले. ज्याच्याकडे सातबारा नाही त्याचं स्वातंत्र्य केवढं, हे मराठी माणसाला निराळं सांगायला नको. सेनापतींच्या विजयापराजयावर कादंबऱ्यांचे ढीग पडले आहेत. माझ्या मते खरं मोठं 'जर' हे आहे: ती जमीन त्यांच्याकडेच राहिली असती तर?

६. विनोदावर हसून झालं की श्रेयनामावली वाचावी

केविन विलमॉटचा 'सी.एस.ए.' (२००४) हा चित्रपट म्हणजे जिंकलेल्या दक्षिणेवरचा खोटा माहितीपट. मधे मधे त्या जगातल्या जाहिराती येतात: काळ्या माणसाची टर उडवणारी नावं आणि चित्रं असलेली टूथपेस्ट, वंगण, हॉटेलांची साखळी. मुलं हसतात, कारण हे अतिच आहे असं वाटतं. शेवटी पडद्यावर अक्षरं येतात, की यातल्या कितीतरी वस्तू खरोखर बाजारात होत्या. ती टूथपेस्ट तर आपल्या आशिया खंडात विकली जायची, तिचं इंग्रजी नाव बदललं १९८९ मध्ये. मुलांनी जाहिराती पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितल्या.

७. ज्यांच्यासाठी हे 'जर' नाही, त्यांना विचारावं

जुलै २०१७ मध्ये 'गेम ऑफ थ्रोन्स'च्या कर्त्यांनी 'कॉन्फेडरेट' या मालिकेची घोषणा केली. दक्षिण वेगळी झाली आणि गुलामगिरी आजही चालू आहे, असं तिचं कथानक. विरोधाचं मोहोळ उठलं आणि मालिका निघालीच नाही. कृष्णवर्णीय लेखक ता-नेहिसी कोट्स यांनी तेव्हा विस्तारानं लिहिलं, की कृष्णवर्णीयांसाठी ती दक्षिण अजून हरलेलीच नाही. पुढच्याच महिन्यात शार्लट्सव्हिलच्या रस्त्यावर गोऱ्या वर्चस्ववाद्यांनी लीच्या पुतळ्यासाठी मोर्चा काढला.

हरलेली नाही म्हणजे काय, ते पाहा. लुइझियानात अँगोला नावाचा तुरुंग आहे. अठरा हजार एकरांचा. तो पूर्वी गुलामांकडून कसला जाणारा मळा होता, नावही त्याचंच. तिथे आजही बहुसंख्य कृष्णवर्णीय कैदी शेतात राबतात, तासाला काही सेंटांवर. अमेरिकेच्या तेराव्या घटनादुरुस्तीनं १८६५ मध्ये गुलामगिरी बंद केली, पण गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीनं राबवून घ्यायची वाट मोकळी ठेवली. हे कादंबरीत लिहिलं असतं तर संपादकानं भडक म्हणून काढायला लावलं असतं.

८. आपलं 'जर' आपणच लिहायला हवं

जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिलं आणि ते अमेरिकेतल्या, गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केलं. त्या पुस्तकात त्यांनी अवतारांच्या कथा हरलेल्यांच्या बाजूनं पुन्हा सांगितल्या. आपल्या आयाबाया दिवाळीत ओवाळताना 'इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो' म्हणत आल्या आहेत. वामनानं पाताळात घातलेल्या राजाचं राज्य येवो, ही इच्छा म्हणजे शेतकऱ्याच्या घरातला पर्यायी इतिहासच आहे. फुल्यांनी त्याचं बळ ओळखलं होतं.

आता पुन्हा पानिपताकडे येते. १४ जानेवारी १७६१ नंतर अब्दालीच्या सैन्यानं मराठ्यांच्या छावणीतल्या हजारो बायका-मुलांना गुलाम करून नेलं. पानिपतावर आपल्याकडे कथा-कादंबऱ्या, नाटकं, व्याख्यानं उदंड झाली. भाऊसाहेब, विश्वासराव, होळकर, सगळ्यांचं 'जर' आपण चघळलं. त्या बायकांचं 'जर' कोणी विचारलं नाही. शिवाय आपण जिंकलो असतो तरी प्रश्न संपत नाही. पेशव्यांच्या राज्यात कुणबिणी, म्हणजे गुलाम बायका, विकत घेतल्या जात, विकल्या जात, बक्षीस दिल्या जात, पागेत आणि कोठीवर कामाला लावल्या जात. त्यांच्या नोंदी दप्तरात आहेत. विश्वासराव वाचले असते तर पुण्याच्या वाड्यात जातं ओढणाऱ्या कुणबिणीच्या आयुष्यात काय बदललं असतं?

मी मुलांना पर्यायी इतिहासाची कथा लिहायला सांगते तेव्हा पहिल्या खेपेला बहुतेक वहीत गादी, तलवार आणि किल्ला असतो. मग मी 'किंड्रेड' देते आणि पुन्हा लिहायला सांगते. मागे एका मुलीनं पानिपताहून काबूलकडे चालत निघालेल्या एका मराठी बाईची गोष्ट लिहिली. ती वाटेत इतर बायकांना बरोबर घेऊन मागे वळते. कथा कच्ची होती, पण 'जर' योग्य हातात होतं.

वाचकहो, या वाटेला जायचं असेल तर 'किंड्रेड'पासून सुरुवात करा, मग 'फायर ऑन द माउंटन' वाचा आणि सेनापतींच्या कादंबऱ्या त्यानंतर. आणि लिहिणाऱ्यांना माझी विनंती आहे: पेशवे दप्तरातल्या कुणबिणींच्या नोंदी छापील खंडांतूनही वाचायला मिळतात. त्यांतली एखादी बाई निवडा आणि इतिहासाचं पुढचं वळण तिच्या हातून घडू द्या.